दवातली रेघ

चांगला फोटो मिळावा म्हणून माणूस काय काय करतो, ते मला विचारू नका. विचारलंत तर खरं सांगावं लागेल, आणि सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

मी चष्म्याच्या दुकानात कारागीर आहे. डॉक्टर नंबर लिहून देतात, मी त्या नंबरची भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतो. आठवडाभर नाकासमोर वीतभर अंतरावर बघायचं काम, त्यामुळे उरलेल्या वेळात काहीतरी लांबचं बघावं असं वाटायचं. त्यातून कॅमेरा आला. "एक सवत दुकानात होतीच, आता दुसरी घरात आणलीत," असं बायको म्हणाली, पण पहाटे उठून मला चहा मात्र करून द्यायची.

डोंगरदऱ्या धुंडाळणाऱ्यांतला मी नाही. तेवढी रजा मिळत नाही आणि गुडघेही ऐकत नाहीत. माझं सगळं फोटोचं जग म्हणजे घरामागचं गवताळ मैदान. मध्यावर एक निष्पर्ण झाड, पलीकडच्या टोकाला वेलींनी झाकलेलं तारेचं कुंपण, आणि कुंपणामागून उगवणारा सूर्य. हिवाळ्यात त्या गवतावर दव साचतं. सूर्य अगदी खाली असतो तेव्हा मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं चमकतं. जेमतेम दहा मिनिटं. मग ते पुन्हा साधं गवत होतं आणि मी दुकानात जातो.

यंदा आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाने स्पर्धा ठेवली. विषय होता, घरापासून हजार पावलांच्या आतला हिवाळा. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांचा नियम अक्कलदाढेसारखा घट्ट: कॉम्प्युटरवर फोटोत काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही. जे समोर होतं तेच कागदावर आलं पाहिजे.

इथेच माझं घोडं अडलं. माझ्या मैदानात रोज सकाळी एक रेघ असायची.

दवातून कोणी चालत गेलं की पायांखालचे थेंब झडतात आणि तेवढी पट्टी काळपट हिरवी दिसते. ही रेघ पलीकडच्या कुंपणाला असलेल्या एका फटीतून निघायची, झाडाच्या डावीकडून जायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी संपायची. मी साडेसहाला पोचायचो तेव्हा ती हजर. सव्वासहाला पोचलो तरी हजर. माणूस मात्र दिसायचा नाही. सलग बारा दिवस मी ती रेघ बघितली आणि तेराव्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असेल कोणीतरी पोट कमी करायला निघालेला, असं मी ठरवूनच टाकलं. याला चालायला अख्खं गाव पडलंय आणि हा नेमका माझ्या फोटोतून चालतो!

माझ्या फोटोतून, असंच म्हणालो मी. मैदान कोणाच्या बापाचं नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण बारा दिवस एकाच जागी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून उभं राहिलं की जागेवर आपलं नाव लागलंय असं वाटायला लागतं.

फोटो द्यायची शेवटची तारीख शुक्रवार होती. बुधवारी संध्याकाळी दुकानातून परतताना मी वाट वाकडी करून त्या कुंपणापाशी गेलो. तिथे कोणीतरी काटेरी झुडपं छाटून ढीग घातला होता. त्यातल्या मोठ्या फांद्या ओढून मी फटीत कोंबल्या आणि भिंगांच्या खोक्यांना येते ती नारिंगी नायलॉनची दोरी खिशातून काढून दोन्ही खांबांना आवळून बांधली. वर बाजूच्या वेली ओढून घेतल्या. काम झाल्यावर चार पावलं मागे सरकून बघितलं, तर फट कुठे होती ते मलाच ओळखू येईना. हात ओरबाडले होते, पण मी खुशीत होतो. कॉम्प्युटरला हात न लावता मी रेघ पुसली होती. नियम पाळला होता की नाही?

गुरुवारी मी सहालाच मैदानात आलो. दाट धुकं, अंधार. आमच्या बाजूला उभा राहून मी कॅमेरा लावत होतो, तेवढ्यात पलीकडे कुंपणामागे एक उजेडाचा ठिपका दिसला. बॅटरी होती कोणाची तरी. तो ठिपका कुंपणाच्या कडेने डावीकडे गेला, थांबला, परत उजवीकडे आला. पुन्हा डावीकडे. पानं खसखसल्याचा आवाज येत होता. मग कोणीतरी खोकलं.

मी हाक मारू शकलो असतो. मैदान ओलांडून दोरी सोडायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मी चाललो असतो तर रेघ माझीच पडली असती. मी श्वास रोखून उभा राहिलो आणि मनात म्हणालो, जा बाबा आता, एक दिवस दुसरीकडून जा. बराच वेळ तो ठिपका खालीवर होत राहिला आणि मग मोठ्या रस्त्याच्या दिशेने निघून गेला.

सूर्य आला. धुकं गुडघ्याइतकं खाली बसलं आणि त्याच्यावर ते एकटं झाड, आणि सगळं मैदान कोरं, पांढरं. मी अकरा फोटो काढले. माझ्या आयुष्यात मी त्याआधी असं काही काढलं नव्हतं, पुढेही काढेन असं वाटत नाही. मग मी त्या अस्पर्श दवातून ऐटीत चालत पलीकडे गेलो, दोरी कापली, फांद्या ढिगावर फेकल्या आणि शीळ घालत घरी आलो. बायको म्हणाली, "आज स्वारी खूश दिसतेय." मी तिला कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. ती बघतच राहिली.

त्याच दुपारी दुकानात एक बाई आल्या. रुमालात गुंडाळलेला चष्मा त्यांनी काउंटरवर ठेवला. फ्रेम वाकलेली, उजवं भिंग मधोमध तडकलेलं. भिंगांची जाडी बघूनच मी ओळखलं.

"हा टोलकाकांचा ना?"

"हो. मी त्यांची मुलगी."

टोलकाका आमच्या गल्लीपलीकडच्या शाळेचे शिपाई. पहाटे शाळा उघडायची, वर्गांची कुलपं काढायची आणि सात वाजता टोल द्यायचे, हे त्यांचं काम. शाळेतली पोरं त्यांना टोलकाका म्हणत, ती पोरं मोठी होऊन बाप झाली तरी नाव तेच. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस अकरा. मला पाठ आहे, कारण गेली पंधरा वर्षं त्यांची भिंगं मीच घासतो.

"काय झालं?" मी विचारलं.

"पडले हो. मोठ्या रस्त्यावर, समोरून गाडी आली, दिव्यांनी डोळे दिपले आणि कडेच्या गटारात गेले. मनगट मोडलंय. रोज मैदानातून जातात. आज म्हणे वाटच सापडली नाही. अर्धा तास कुंपण चाचपत होते. हात बघाल तर त्यांचे, नुसते ओरखडे."

मी माझे हात काउंटरखाली घेतले. त्यांच्यावरही ओरखडे होते.

"आणि खरं सांगू का," आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मी नंतर जाऊन बघून आले. फट आहे तिथेच आहे. चांगली माणूसभर रुंद. म्हणजे बघा आता."

तेवढ्यात मला आणखी एक आठवलं. वर्षभरापूर्वी याच काउंटरवर टोलकाका म्हणाले होते की पहाटे गाड्यांच्या दिव्यांचा त्रास होतो. त्यावर त्यांना मीच म्हणालो होतो, "मग मोठ्या रस्त्याने जाताच कशाला? कुंपणाला फट आहे, मैदानातून जात जा." ती रेघ मीच आखून दिली होती. आणि मीच विसरलो होतो.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं सगळं मिळून. मी म्हणालो, "शनिवारी देतो चष्मा."

शनिवारी टोलकाका स्वतः आले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. अंगात नेहमीचा खाकी स्वेटर, त्याचं बटण मुलीने चुकीच्या काजात लावलेलं. मी चष्मा त्यांच्या नाकावर चढवला.

"नंबर वाढलाय," ते म्हणाले. "डॉक्टरांना परत बघायला सांगा."

दुकानाच्या आतल्या खोलीत डॉक्टर शनिवारी बसतात. त्यांनी सगळं तपासलं. नंबर तोच, डोळ्यांचा आतला पडदा ठीक, एका रेषेचाही फरक नाही. टोलकाका बाहेर येऊन माझ्यासमोर बसले.

"डोळे ठीक आहेत म्हणजे मग डोक्यातच बिघाड," ते म्हणाले. "अहो, वर्षभर रोज जातो त्या वाटेने. खांब मोजून जातो मी, सातव्या आणि आठव्या खांबाच्या मध्ये फट. त्या दिवशी मोजले, तर सातव्या-आठव्याच्या मध्ये नुसते काटे. तीनदा मोजले. आणि मुलगी म्हणते फट तिथेच आहे. आता ज्याला सात आणि आठ कळत नाहीत त्याच्या हातात शाळेच्या किल्ल्या कशा ठेवायच्या? मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलंय, महिनाअखेर दुसरा माणूस बघा. एखाद्या दिवशी पोरांना आत ठेवून कुलूप लावेन मी."

मी म्हणालो, "वय झालं की होतं असं, काका."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. डोळ्यांच्या बाबतीत ते माझ्यावर नेहमीच विश्वास ठेवत आलेत.

माझा फोटो पहिला आला. दातांचे डॉक्टर भाषणात म्हणाले, असं कोरं, निष्पाप मैदान आपण सगळे रोज बघतो पण टिपलं एकानेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी बायकोने विचारलं, "तोंड का एवढंसं?" मी म्हटलं सर्दी झालीय. दुकानाच्या मालकांना तर चेव चढला. त्यांनी फोटो दोन हात रुंद छापून आणला, चौकट केली आणि आरशाशेजारच्या भिंतीवर लावला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "आमच्या कारागिराने काढलाय." मी दिवसभर त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो.

रोज सकाळी ठरवायचो, आज टोलकाकांकडे जायचं. रोज संध्याकाळी काहीतरी कारण निघायचं. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि आत मुलगी त्यांना ओरडत होती ते ऐकून परत फिरलो. "पहाटे उठून एकट्याने दाराशी जायचं नाही म्हटलं ना बाबा! मी कडी लावून घेणार आहे आता." मैदानात जायचं तर मी सोडूनच दिलं होतं. रेघ नसलेलं मैदान मला बघवेना.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी टोलकाका दुकानात आले. प्लास्टर निघालं होतं. चष्मा नाकावरून घसरतो म्हणाले. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये भिंग बसवत होतो, म्हणून म्हटलं, "बसा काका, दोन मिनिटं."

"वेळच वेळ आहे आता," ते म्हणाले. "किल्ल्या काल देऊन टाकल्या."

ते बसले नाहीत. भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. माझे हात चालू होते, कान मात्र सगळे तिकडे.

"हे आपलं मैदान की."

"हो."

"माझ्या वाटेचं."

मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ज्यांना जास्त मायनस नंबर असतो त्यांचं एक असतं, लांबचं काही दिसत नाही, पण चष्मा काढून चार बोटांवर धरलं तर त्यांना बारीकसारीक असं दिसतं की आम्हाला त्यासाठी भिंग लागतं. मला हे माहीत आहे. हे माझं कामच आहे. टोलकाकांनी नाक जवळजवळ काचेला टेकवलं आणि फोटोच्या उजव्या कडेपासून कुंपणाचे खांब बोटाने मोजायला सुरुवात केली.

"एक, दोन, तीन..."

माझ्या हातातलं भिंग खाली पडलं. टोलकाका मोजत राहिले. सातवर थांबले. तिथे फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, अंधुक काटे होते आणि त्यांच्यावर एक नारिंगी बारीक रेघ. परीक्षकांना ती दिसली नव्हती. मला ती माहीत होती, म्हणून मी त्या कोपऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"काटे," ते म्हणाले. "सात-आठच्या मध्ये काटे. आणि ही काय, दोरी?"

त्यांनी मान वळवली. माझ्या काउंटरवर भिंगांचं नवं खोकं होतं, त्याला तीच नारिंगी दोरी. एवढ्या लांबून त्यांना एका नारिंगी धूसर डागापलीकडे काही दिसणं शक्य नव्हतं. पण ते माझ्याकडे चालत आले, वाकले, नाक खोक्याला लावलं आणि दोरीवरून अंगठा फिरवला.

"हा फोटो कधीचा?"

"तुम्ही पडलात त्या दिवशीचा," मी म्हणालो. "फट मी बंद केली होती, काका. तुमच्या पावलांची रेघ फोटोत येत होती म्हणून. तुम्ही आहात ते मला माहीत नव्हतं. फोटो झाल्यावर मीच काढून टाकलं सगळं."

"तुम्ही मैदानात कधी आलात?"

"सहाला."

"मग माझी बॅटरी दिसली असेल."

"दिसली," मी म्हणालो. "खोकलाही ऐकला."

मालक आतून बाहेर आले होते. मला वाटलं, आता काका कानाखाली देतील. द्यावी, असं मनापासून वाटत होतं. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते पुटपुटत होते, "तीनदा मोजले मी. तिन्ही वेळा बरोबर मोजले." मग खुर्चीत बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. मालकांनी त्यांना पाणी दिलं. माझ्या हातचं त्यांनी घेतलं असतं की नाही, कोण जाणे.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी चष्मा लावला, उठले आणि म्हणाले, "तो फोटो उतरवा. घ्या बरोबर. चला."

मी चौकट काखेत मारून त्यांच्यामागून निघालो, तसाच, कामाचा अंगरखा अंगात. आधी त्यांच्या घरी. मुलीने दार उघडलं. आतल्या बाजूला खूप वर, काकांचा हात पोचणार नाही अशा जागी, नवी कोरी कडी बसवलेली होती.

"सांगा," टोलकाका म्हणाले.

मी सांगितलं. मध्येच बॅटरीचं गाळून जायला लागलो तर ते म्हणाले, "सगळं सांगा." मी सगळं सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती, मग कडीकडे बघत राहिली. "बाबा," एवढंच म्हणाली ती, आणि पदराने डोळे पुसत आत निघून गेली.

तिथून शाळेत. मुख्याध्यापिका बाई वेळापत्रक आखत बसल्या होत्या. मी उभ्यानेच तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. बाईंनी फोटो टेबलावर ठेवून निरखून बघितला.

"मला तर काहीच दिसत नाही इथे."

टोलकाकांनी चष्मा काढला, फोटोवर वाकले आणि बोट नेमकं त्या कोपऱ्यावर ठेवलं. "इथे बघा, बाई. सात आणि आठच्या मध्ये."

बाईंनी खणातून भिंग काढून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी दुसरा खण उघडला आणि किल्ल्यांचा जुडगा टोलकाकांच्या पुढ्यात ठेवला. नव्या माणसाला दुपारच्या पाळीला घेते म्हणाल्या. काकांनी जुडगा उचलला आणि एकेक किल्ली बोटांनी चाचपून बघितली, सगळ्या आहेत की नाही.

मला वाटलं, सुटलो. मी फोटो उचलायला लागलो तर काकांनी हात मध्ये घातला.

"हा इथेच राहील. किल्ल्यांच्या खिळ्याशेजारी. परत कधी माझं मलाच खोटं वाटायला लागलं तर बघेन." मग बाईंकडे एक कोरा कागद मागितला आणि तो माझ्यापुढे सरकवला. "खाली डकवायला. लिहा."

"काय लिहू?"

"जे होतं ते."

मी लिहिलं, 'या दिवशी कुंपणाची फट बंद होती. ती मी बंद केली होती.' खाली सही केली. या शाळेत येणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या नाकावर मीच घासलेला चष्मा असतो, ते सगळे हे वाचणार होते. मी मान खाली घालून कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरून अक्षर न् अक्षर वाचला आणि मला परत केला.

"जरा मोठं काढा," ते म्हणाले. "सगळ्यांना माझ्यासारखं जवळचं दिसत नाही."